टिकलीखालचा डाग

माझी नोकरी डाग शोधण्याची आहे. मुलुंडच्या एका औषध कंपनीत इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासणाऱ्या बायकांची एक रांग बसते. त्या रांगेत मी बारा वर्षं बसते आहे. समोर ट्यूबलाइट आणि तिच्यामागे अर्धा काळा, अर्धा पांढरा पत्रा. कुपी आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो आणि पांढऱ्यावर काळा कण. दिसला की कुपी डावीकडच्या ट्रेमध्ये टाकायची, त्यात वाद घालायचा नाही. हे आधी सांगते, कारण अशी तयारीची नजर असूनही माझ्या कपाळावरचा डाग मला शेजारणीने दाखवावा लागला.

तसा डाग जिला आज आरशात दिसला असेल आणि जी तो झाकायच्या खटपटीत असेल, तिने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं आणि मी कुठे चुकले, एवढंच मला सांगता येईल.

* * *

लग्नानंतर बरीच वर्षं मी मेण लावून त्यावर कुंकू लावायची. मग चिकटवायच्या मखमली टिकल्या आल्या आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी महिन्याभरात मेणाच्या डब्या बाजूला ठेवून दिल्या. टिकली घामाने पसरत नाही, पदराला लागत नाही. झोपताना काढून आरशावर चिकटवायची, सकाळी तीच पुन्हा कपाळावर. गोंद सुटेपर्यंत एक टिकली आठवडाभर चालायची. मधूनमधून कपाळ खाजायचं. ते उकाड्याने असेल असं मी धरून चालले होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हात धुताना वनिता म्हणाली, "ए सुनंदा, टिकली सरकलीय तुझी."

वनिता माझ्या उजवीकडे बसते. आमच्या रांगेत तिच्याइतकी तीक्ष्ण नजर कुणाची नाही. मी टिकली सरळ करायला गेले तर तिने माझा हात धरला.

"थांब. हलू नको." कुपीकडे बघावं तसं तिने डोकं मागे नेऊन माझ्या कपाळाकडे बघितलं. "खाली पांढरं आहे गं."

मी आरशात बघितलं. मसुराच्या दाण्याएवढा, अगदी गोल, पांढरा. मला पहिल्यांदा माझी आठवण झाली नाही, लताची झाली.

लता माझी धाकटी बहीण. अंधेरीला टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा देवगडहून आमच्याकडे राहायला आली होती. तिचं लग्न दहिसरच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलगा सुधीर बँकेत, शांत, लताला मनापासून आवडलेला. पसंती झाली होती, साखरपुडा पाच महिन्यांवर होता. आणि मोठ्या बहिणीच्या कपाळावर कोड आहे म्हटल्यावर धाकटीला कोणी सून करून घेत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गावात असं एक लग्न मोडलेलं मी लहानपणी बघितलं होतं.

"कुणाला बोलू नकोस," मी वनिताला म्हणाले.

"मी कशाला बोलू? पण डॉक्टरला दाखव यार."

मी डॉक्टरला दाखवलं नाही. मी एक नंबर मोठी टिकली आणली.

* * *

हीच माझी चूक. डाग टिकलीच्या कडेपर्यंत आला की मी आणखी मोठी टिकली आणायची. डाग तिच्याही कडेपर्यंत पसरायचा. तीन नंबर बदलले. ज्याने डाग पडत होता त्यानेच मी तो झाकत होते, आणि हे माझ्या डोक्यात येण्याचं काहीच कारण नव्हतं. टिकल्यांच्या दुकानातला माणूस एकदा म्हणाला, "वहिनी, मोठ्या टिकल्यांची फॅशन आलीय वाटतं?" मी हसून हो म्हटलं.

सासूबाईंना कळायला दोन महिने लागले. न्हाऊन बाहेर आले तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि त्या दारातच उभ्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य मालवणात गेलं, मुंबईत येऊनही बोली बदलली नाही.

"ह्या काय गो?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न आला. "माशे खावन दूध पिलंस?"

माशांवर दूध प्यायलं की कोड येतं, अशी समजूत. नंतर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की मी मोजणं सोडून दिलं. मी मासे खाते, चहाशिवाय दुधाला हात लावत नाही. पण प्रत्येक वेळी मी आरोपीसारखी आठवून आठवून उत्तर द्यायची.

सासूबाईंनी कुठूनसं कोडावर लावायचं बावचीचं तेल आणलं. ते लावून सकाळच्या उन्हात बसायचं. तिसऱ्या दिवशी कपाळावर फोड आला, फुटला आणि डागाला लाल कड आली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच आठवड्यात मोरीच्या दाराशी एक नवीन खिळा ठोकला गेला आणि माझा टॉवेल तिथे गेला. बाकी सगळ्यांचे एका दोरीवर, माझा एकटीचा खिळ्यावर. मला फार लागलं ते.

माझे यजमान विक्रोळीला कारखान्यात फिटर आहेत. बोलणं कमी. तो खिळा त्यांनी बघितला असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी कामावरून आले, तोंड धुतलं, दोरीवरचा स्वतःचा टॉवेल सोडून खिळ्यापर्यंत चालत गेले आणि माझ्या टॉवेलने तोंड पुसलं. सासूबाई समोरच भाजी निवडत होत्या. पुसून झाल्यावर मला म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो. दवाखान्यात जाऊ."

* * *

महापालिकेच्या रुग्णालयात चर्मरोगाच्या बाकड्यावर बसलं की एक गोष्ट कळते. प्रत्येक जण काहीतरी झाकून बसलेला असतो. कुणी बाही खाली ओढतं, कुणी रुमालात हात गुंडाळतं, आणि सगळे दुसऱ्याने काय झाकलंय ते बघत असतात. मीही बघत होते. सवयच ती.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या आणि त्यांच्यामागे चार-पाच शिकाऊ मुलंमुली. केसपेपर वाचून त्या म्हणाल्या, "टिकली काढा."

यजमानांसमोर, परक्या पोरांसमोर टिकली काढताना मला अंगावरचा पदर काढल्यासारखं वाटलं. बाईंनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं, एक जांभळट दिवा कपाळाजवळ धरला, मग बाहेर उजेडात आणून पुन्हा बघितलं. आधी काळ्यासमोर, मग पांढऱ्यासमोर. मला हसू आलं.

"दुसरीकडे कुठे आहे? हात, ओठ, पाय?"

"नाही."

"डाग टिकलीएवढाच होता? आणि टिकली मोठी केलीत तसा मोठा होत गेला?"

मी हो म्हणाले, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मलाच काहीतरी खटकलं.

"कोड आहे का?" यजमानांनी विचारलं.

"असेलही. पण मला टिकलीचा संशय आहे. अशा बायकांचा मी अभ्यास करते आहे. त्या येतात फार उशिरा, टिकलीत मावेनासं झालं की मग येतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कपाळाला आणि केसांना जे जे लावता ते सगळं सोमवारी घेऊन या. आणि आजपासून टिकली बंद."

सोमवारी मी साबण, खोबरेल, मेण, बावचीचं तेल, टिकल्यांचं पाकीट आणि सासूबाईंच्या गावच्या देवीचं कुंकू, असं सगळं पिशवीत भरायला घेतलं. कुंकवाची डबी बघून सासूबाई खवळल्या. "देवीच्या कुंकवाची परीक्षा घेतंस?"

"परीक्षा माझी आहे, आई," मी म्हणाले. डबी नेली.

रुग्णालयात प्रत्येक वस्तूचा कणभर अंश पट्टीखाली ठेवून माझ्या पाठीवर चिकटवला आणि पेनाने नंबर घातले. तीन नंबरला देवीचं कुंकू, चारला टिकलीचा नुसता गोंद, पाचला नुसतं मखमल. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मी तशीच कामावर गेले आणि ताठ बसून कुप्या तपासल्या. चार नंबरच्या जागी दुसऱ्या दिवसापासून खाज सुटली. हात पोचत नव्हता, ते बरंच झालं.

पट्ट्या काढल्या तेव्हा चार नंबरला लाल, सुजलेला चौकोन होता. बाकी पाठ कोरी.

घरी आल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं. "तीन नंबराक काय?"

"काही नाही."

"माझ्या देवीचा काय वायट नसताच," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर खुशीत होत्या.

पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की नुसत्या लालीवर ठाम बोलता येणार नाही, थांबावं लागेल. सहा आठवड्यांनी पुन्हा गेले. लाली गेली होती आणि चार नंबरचा चौकोन आता पांढरा पडला होता. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. फोटो काढले. कपाळाच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी घालू, ओळख पटणार नाही, असं समजावलं. कपाळावर एक डाग घेऊन आलेली बाई दोन डाग घेऊन परत चालली होती आणि सगळे तिचं अभिनंदन करत होते.

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जिथे मी आयुष्यात टिकली लावली नव्हती तिथे त्या गोंदाने डाग पाडून दाखवला होता.

"रंग परत येईल?"

"पुष्कळांचा येतो. वर्ष लागेल, जास्तही लागेल. काहींचा येत नाही. पण टिकली पुन्हा लावलीत तर नक्की येणार नाही."

"एक दिवसासाठीसुद्धा नाही?"

"एक दिवसासाठीसुद्धा नाही. कपाळ बरं होईपर्यंत कुंकूही नको."

* * *

बोडक्या कपाळाने बाहेर पडलं की लोकांची नजर आधी कपाळावर जाते आणि तिथून झटकन गळ्याकडे. मंगळसूत्र दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, मग ते डाग बघतात. भाजीवाली, कंडक्टर, देवळाबाहेरची फुलवाली, सगळ्यांचा क्रम हाच. सासूबाई म्हणायच्या, "असा कपाळ घेवन भायर जातलंस? माझो झील जिवंत आसा." मुलगा जिवंत असताना सुनेचं कपाळ बोडकं, हे त्यांना बघवत नव्हतं.

साखरपुडा तीन आठवड्यांवर आला. त्यात मुलाकडच्या बायका येऊन मला हळदकुंकू लावणार. म्हणजे सुधीरच्या आईचं, विहीणबाईंचं, बोट सरळ त्या डागावर.

मी घरात म्हणाले की त्यांना आधी सांगून टाकावं. सासूबाई नको म्हणाल्या. लता खिडकीपाशी होती. ती वळली नाही.

"ताई, एक दिवस लाव ना टिकली. एकच दिवस."

"डॉक्टर नको म्हणतात."

"तुझा डाग थोडा वाढेल, ताई. माझं सगळंच जाईल."

बरोबरच होतं तिचं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. रविवारी मी कुणालाही न सांगता बस बदलत दहिसरला गेले.

नदीपलीकडे त्यांची चाळ आहे. विहीणबाई एकट्याच पुढच्या खोलीत होत्या. माझं कपाळ बघून त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, घरात काही बरंवाईट झालं.

"सगळे खुशाल आहेत," मी म्हणाले. मग बसून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मी पाठ वळवली आणि ब्लाउज खांद्याखाली ओढून तो चौकोन दाखवला. "हा गोंदाने पडलाय. इथे मी टिकली लावत नाही. हे कोड नाही. आणि असतं, तरी लताला काही नाही."

विहीणबाईंनी चष्मा लावून तो चौकोन बराच वेळ बघितला. मग माझा ब्लाउज त्यांनीच नीट केला.

"कुणी सांगितलं तुला इथे यायला?"

"कुणी नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "दादा, जरा बाहेर ये रे. चहा पण आण." आणि मला म्हणाल्या, "माझा मोठा भाऊ. आमच्याकडेच असतो. तुम्ही बघायला आलात तेव्हा आम्ही त्याला वसईला पाठवलं होतं. आम्ही नाही सांगितलं तुम्हाला."

पडदा सरकवून साठीचे एक गृहस्थ आले. स्वच्छ सदरा, हातात कपबशी. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, ओठांच्या कडेला पांढरं, मानेवर मोठा ठिपका. त्यांनी कपबशी माझ्यासमोर धरली.

माझा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. एवढं सगळं सोसून आलेली मी, आणि माझा हात थांबला. डोक्यात आलेला पहिला विचार असा होता की हे लग्न आपण मोडावं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज इथे लिहिते.

ते क्षणभरच थांबले. मग कपबशी शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "सावकाश घ्या. गरम आहे." आवाजात राग नव्हता. कितीतरी घरांत त्यांनी तसंच ठेवलं असणार.

मी चहा प्यायले. चव आठवत नाही.

* * *

लताला मी सगळं सांगितलं, फक्त माझा हात थांबल्याचं सोडून. ती आधी चिडली. "त्यांनी लपवलं? आपल्यापासून?"

"तू मला काय करायला सांगत होतीस?"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना जाऊन सुधीरच्या मामांबद्दल विचारून आले. त्या म्हणाल्या, हे स्पर्शाने लागत नाही. पुढे घरात कुणाला होईलच असं नाही, होणारच नाही असंही कोणी लिहून देणार नाही. मी शब्द न बदलता लताला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, विचार कर. यजमान म्हणाले, तिचं ती ठरवेल.

पुढच्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर लता परस्पर दहिसरला गेली. आली तेव्हा चपला काढता काढता म्हणाली, "मामांच्या हातचा चहा प्यायले. झकास करतात. आलं ठेचून घालतात." मग स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. लग्नाबद्दल तिच्याकडून एवढंच उत्तर आलं.

साखरपुड्याला विहीणबाईंनी माझ्या कपाळाला बोट लावलं नाही. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर हळदकुंकू लावलं आणि बाकीच्या बायकांनाही तसंच करायला लावलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "डॉक्टरांनी सांगितलंय." एवढ्या साध्या वाक्यावर सगळ्या गप्प बसत. मी पाच महिने उगाच भीत होते असं मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या घरात वेगळं झालं असतं.

कारखान्यात मी वनिताला खरं कारण सांगितलं आणि तिने ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून टाकलं. रांगेतल्या दोघींनी टिकल्या काढून मोरीच्या आरशात बघितलं. एकीचं कपाळ चांगलं होतं. दुसरी माझ्याबरोबर सोमवारी रुग्णालयात आली.

* * *

सात-आठ महिन्यांनी माझ्या डागात तपकिरी ठिपके दिसायला लागले. मोहरी सांडावी तसे. ते वाढत वाढत एकमेकांना मिळाले. दीड वर्षाने कपाळ भरलं. सासूबाईंनी स्वतः देवीचं कुंकू माझ्या कपाळाला टेकवलं आणि रडल्या. टॉवेल कधी दोरीवर परत आला ते माझ्या लक्षात नाही. खिळा अजून आहे, त्यावर पिशवी असते. पाठीवरचा चौकोन पुसट झालाय, पूर्ण गेलेला नाही.

टिकलीखाली खाज सुटली तर टिकली काढा. डाग दिसला तर मोठी टिकली आणू नका. मला सांगता येण्यासारखं एवढंच आहे.

लताच्या मुलीच्या बारशाला दहिसरला गेले तेव्हा माझं कपाळ स्वच्छ होतं. लग्नाच्या गर्दीत मामांशी बोलणं झालं नव्हतं. या वेळी मी ठरवूनच गेले होते. पाळण्याशी बायका गात होत्या, मी खिडकीजवळ बसले होते, आणि मामा प्रत्येकीला चहा देत माझ्याकडे आले. मी दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी मला ओळखलं. हसले. कपबशी शेजारच्या स्टुलावर ठेवली, म्हणाले, "सावकाश घ्या, गरम आहे," आणि वळले. माझे पुढे केलेले हात त्यांनी बघितलेच नाहीत.